पखवाजाची कणीक

मित्रांनो, मी एक जुना पखवाज आहे. जुना म्हटले की लगेच हळहळू नका, मला ते मुळीच खपत नाही! वेंगुर्ल्याच्या एका फणसाच्या खोडातून मला कोरले. माझे उजवे तोंड शाईचे, ते खणखणीत बोलते. डावे मात्र कणकेचे. वाजवण्याआधी त्यावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे पोटातून 'धुम' निघतो. वाजवून झाले की ती खरवडून काढायची. मला दर वेळी ताजी लागते, शिळी चालत नाही.

भिकाजींनी मला तीस वर्षे गावच्या भजनात वाजवले. माझी थाप ऐकून भजनाच्या सामन्यात समोरच्या बारीचा, म्हणजे दुसऱ्या मंडळाचा, बुवा शब्द विसरायचा! भिकाजींची मुलगी किशोरी माझ्यावरच शिकली. पण ती भजनाला बसणार म्हटल्यावर मंडळी कुरकुरली, आणि भिकाजी गप्प राहिले. त्याचा राग मला अजून आहे. पोर मुंबईला गेली आणि तिने बेस गिटार धरली. पुढे मंडळाने ताल धरणारे बटणांचे यंत्र आणले. "तेका कणीक लागणा नाय," म्हणे! मी माळ्यावर गेलो.

यंदा किशोरीचा कार्यक्रम मालवणात, किनाऱ्यावरच्या वाळूत ठरला. देशोदेशी नावाजलेली वादक, पण आपल्या माणसांपुढे पहिल्यांदाच. त्या संध्याकाळी भिकाजी मला कापडात गुंडाळून निघाले, पण ते कार्यक्रमाला येणाऱ्या सत्यवानाला मला देऊन टाकायला. त्याचे पर्यटकांचे लॉज आहे. "काका, भिंतीर काय बरो दिसात!" असे तो म्हणाला होता. खिळेसुद्धा ठोकून ठेवले होते. अरे, मी काय कॅलेंडर आहे?

किशोरी मंचावर आली तसे गर्दीतून कोणीतरी ओरडले, "गो, दोन तारो खंय इसारलंस?" साध्या गिटारला सहा तारा, बेसला चारच; लोकांना वाटले, दोन घरीच राहिल्या. सगळे हसले. तिने नुसता अंगठा जाड तारेवर आपटला. धा! मग बोटे धावली. तिटकत गदिगन धा! मित्रांनो, ते माझे बोल होते! तो घुमारा वाळूतून आला आणि भिकाजींच्या मांडीवर माझे कोरडे डावे तोंड आपोआप थरथरू लागले. मला गप्प करायला त्यांनी तळहात ठेवला. मी गप्प बसेन तर ना! हात तिथेच राहिला.

"ह्या माजा वाजवणा," ते पुटपुटले. "पोरीन सगळा जपल्यान." त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात सत्यवान आला. "द्या काका, गाडयेत ठेवतंय."

"थांब रे!" म्हणत भिकाजी उठले, ते थेट कडेला चपात्या विकणाऱ्या प्राजक्ताच्या गाड्यावर. "वाईच कणीक दी गो!"

तिने लाटायला घेतलेला गोळाच काढून दिला. त्यांनी तो पाणी लावून माझ्यावर थापला, दगडाने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून मला किशोरीच्या सुराला मिळवले आणि मंचाकडे निघाले. पायरीवर शिवा नावाचा कार्यकर्ता आडवा आला.

"काकानू, पखवाज लिस्टीत नाय!"

"ती लिस्ट तुज्या खिशात ठेव," भिकाजी म्हणाले आणि वर चढले.

किशोरीने बापाकडे पाहिले. वाजवता वाजवताच बाजूला सरकली. "बाबानू, बसा. हयसर जागा आसा."

भिकाजींची मान खाली गेली. ते बसले. मग तिने तिहाई घेतली. बोल एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी शेवटचा 'धा' सोडून तिने हात उचलला. तो धा माझा होता. मी असा दिला म्हणता, सत्यवानाच्या भिंतीतले खिळे हलले असतील!

त्या खिळ्यांवर आता त्याने खुशाल कॅलेंडर लावावे. मी काही शेवटी तुम्हाला विनवणार नाही. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याची धूळ पुसून सुस्कारे टाकू नका. कणीक भिजवा आणि वाजवा!