कलम अकरा, गुरुवार चार वाजेपर्यंत

निळ्या टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात. ऑक्टोबरातही ते बघता बघता उडून जातं.

बेल्जियमहून सात स्टिका आल्यात. त्यातली एक फक्त पेनल्टी कॉर्नरसाठी.

सादियाची यंदा दहावी.

अमेरातच्या चढावर माझ्या गाडीचा एसी बंद करावा लागतो.

सांदणं वाफेवर असताना झाकण उघडायचं नाही.

तीन लाख वजा दोन लाख एक्क्याण्णव हजार सातशे.

"खलास, धनंजय. चार वाजता."

हे शेवटचं आमचे अर्बाब म्हणाले. क्लबचे मालक. दुपारचे दोन वाजले होते. शहरातल्या कुरुम भागात, क्लबच्या ऑफिसात मी स्क्रीनकडे बघत उभा होतो, कारण बसवत नव्हतं.

मी क्लबचे करार सांभाळतो. इथे आखातात आमच्या हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा असते. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून त्या आकड्याच्या वर गेले की दंड आणि गुण वजा. गेल्या हंगामात मर्यादा दोन लाख रियाल होती. या हंगामात तीन लाख. बातमी आली त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये पोरं नाचली. सगळ्यांना वाटलं, आता सगळ्यांचं वाढणार.

मर्यादा सहाही संघांची वाढली होती. कॉर्नरवर हमखास गोल मारणारा मात्र बाजारात एकच होता. सहा जणांनी बोली लावली, अर्बाब जिंकले. एक बेल्जियन: नव्वद हजार. मग आमचा गोलकीपर म्हणाला, त्याचा चेंडू मी रोज सरावात अडवणार, माझे काय? त्याचे वाढले. लीगने किमान पगारही वाढवला होता. लाखभर वाढले ते असे गेले.

एकच नाव उरलं.

सकलैन. बचावफळी. वय तेहतीस. गाव रत्नागिरी तालुक्यात, माझ्या गावापासून खाडी ओलांडली की. पगार: आकडा नाही. कलम अकरा: मर्यादेच्या चार टक्के.

दोन लाखांचे चार टक्के, आठ हजार. तीन लाखांचे, बारा. माझ्याकडे शिल्लक आठ हजार तीनशे.

चार वाजता लीगची यादी बंद होणार. सकलैन यादीत राहिला तर बारा हजार आपोआप लागणार आणि संघ मर्यादेबाहेर जाणार. म्हणून त्याचं नाव काढायचं. नाव गेलं की करार गेला, करार गेला की व्हिसा, आणि त्याच्या मुलीची, सादियाची, दहावी अर्ध्यावर.

"त्याने कलम सोडलं तर?" मी विचारलं होतं.

"स्वतः लिहून दिलं, तर राहू दे. मी मागणार नाही. खेळाडूकडे कमी पैसे मागायला मी जात नाही." अर्बाबांनी घड्याळ बघितलं. "यल्ला, निघ."

सकलैनचा फोन बंद. तो अमेरातला राहतो, चढापलीकडे.

*

गाडीतली वाक्यं.

एक: सकलैन, अभिनंदन, तुझा पगार वाढलाय, म्हणून तुला काढतायत.

दोन: सकलैन, एक सही पाहिजे, वाचू नकोस.

तीन: सकलैन, आपण त्या दिवशी

तिसरं पूर्ण होईना. चढ आला. एसी बंद केला. दोन पन्नास.

*

दार अमीरुन्निसा मावशींनी उघडलं. सकलैनची आई. हाताला तांदळाचं पीठ.

"ये रे धनू! बरोब्बर आलास. सांदणं आत्ता उतरवली. खालच्या मजल्यावर वाटून पन झाली."

"कसली वाटली, मावशी?"

"कसली म्हंजे? पोराचा पगार वाढला! तूच यादी करतोस नि मलाच विचारतोस?"

ताट हातात आलं. मी उभ्यानेच एक सांदण तोंडात कोंबलं. गोड होतं. 

"सकलैन कुठाय?"

टेबलावरून सादियाने गणिताच्या वहीतून मान वर केली. "अब्बा ना... वर आहे. जिन्यात. फोन बॅगमध्ये ठेवला, बिकॉज एव्हरीवन इज कॉलिंग. सगळे पार्टी मांगतात."

तीन बारा.

*

गच्चीच्या दाराशी, शेवटच्या पायरीवर सकलैन स्टिकला नवी ग्रिप गुंडाळत बसला होता. पट्टीचं टोक दातात. मला बघून त्याने भुवई उडवली.

"काय रे धन्या, चेहरा असा काय? बेल्जियनने पास दिला नाय वाटतं."

मी सगळं सांगितलं. एका दमात. आकडे आधी, मग चार वाजता, मग कलम.

त्याने पट्टी दातातून काढली.

"म्हणजे पगार वाढला म्हणून जाणार."

"हो."

"आणि नाही वाढला तर राहणार."

"हो."

"हे तू कॉलेजात शिकलास?"

 खाली कुकरची शिट्टी झाली.

तो ग्रिप पुन्हा उलगडायला लागला, सावकाश, जणू आमच्याकडे आख्खा दिवस होता. तीन सव्वीस. मी फोनवर कलम सोडण्याचा, आठ हजारांचा अर्ज उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही.

"चूक माझीच," तो म्हणाला. "टक्क्यांसाठी मीच अडून बसलेलो ना तेव्हा? सगळ्या पोरांना सांगत फिरलो. मर्यादा वाढली की सकलैन वाढला. ठराविक पगार घेतला असता तर आज कोणी बघितलंही नसतं माझ्याकडे."

मला बोलायला हवं होतं. तीन एकतीस होते. मी म्हणालो, "सही कर."

"थांब. उरलेत किती म्हणालास?"

"आठ हजार तीनशे."

"मग आठ का लिहिलंस?"

"तीनशे राखून ठेवलेत. कोणी जखमी झालं तर बदली..."

"मी नाय होत जखमी. आठ तीनशे लिही."

"सकलैन, वेळ..."

"लिही रे! वेळ तुझा गेला, मी इथंच होतो."

मी आकडा बदलला. बोट दोनदा चुकलं. एकदा ऐंशी हजार झाले आणि तो हसला, मी नाही. त्याने बोटाने सही केली. तीन एक्केचाळीस. जिन्यात रेंज नाही. गच्चीचं दार उन्हाने फुगून अडकलं होतं. दोघांनी खांदे लावले. तीन सेहेचाळीसला अर्ज गेला. मग मी यादी भरली. शेवटचा रकाना: सकलैन, आठ हजार तीनशे. बेरीज तीन लाख. अर्बाबांच्या मंजुरीला पाठवली.

उत्तर नाही.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही उभे. तीन एक्कावन्न. तीन चोपन्न. सकलैन रिकाम्या स्टिकने न दिसणारा चेंडू ढकलत होता, त्याच त्याच जागी.

तीन सत्तावन्न. हिरवी खूण. शब्द नाही.

मी भिंतीला टेकलो. पुढच्या वर्षी मर्यादा पुन्हा वाढणार, असं लीगने कळवलंय. तेव्हा तो चौतीसचा असेल आणि कलम अकरा नसेल. किमान पगारावर त्याच्या जागी कोण खेळू शकेल, त्या दोघांची नावं माझ्या फायलीत आहेत. हे त्याला सांगितलं नाही.

खाली उतरलो तेव्हा मावशी दारातच होत्या.

"काय रे, काय झालं? तोंडं का अशी? वाढला ना पगार?"

सकलैनने माझ्याकडे बघितलं नाही.

"वाढला, अम्मी."

"किती?"

"वाढला."

मावशींनी माझ्या ताटात आणखी दोन सांदणं घातली. मी ती खाल्ली.

करार झाला त्या दिवशी सकलैनने फक्त ठराविक पगार आणि वर्षातून एकदा मुंबईचं तिकीट मागितलं होतं. टक्के मी सुचवले.