सव्वा पाचची शिशी

चार वाजायला सहा मिनिटं होती, आणि ज्योती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर अकराव्या पायरीवर फोन धरून उभी होती. दहाव्या पायरीवर नेटची एकच कांडी यायची, बाराव्या पायरीवर तीही जायची. अकरावी पायरी तेवढी बरी. गावातल्या शहाण्यांना हा शोध लागायला महिना लागला. तोवर गावात चार मयती झाल्या होत्या. त्यातली एक ज्योतीच्या थोरल्या दिराची, धम्मानंदची.

दीर गेला आणि त्याची जीप ज्योतीच्या नवऱ्याकडं आली. काचेवर ‘नमो बुद्धाय’ लिहिलेली, दार दोरीनं बांधलेली. नवऱ्याचं नाव प्रेमानंद, वय अडतीस. पाच वर्षांमागं टीबीनं त्याचं एक फुफ्फुस निम्मं खाल्लेलं. पोतं उचललं तर धाप लागते त्याला, आणि हा बाबा काय करून राहिला? तर कोरोनाचे पेशंट जीपमध्ये घालून हिंगोलीला नेऊन राहिला! ज्योतीनं रडून पाहिलं, भांडून पाहिलं. एकदा तर चावी पिठाच्या डब्यात खुपसून ठेवली. त्यानं पीठ चाळून चावी काढली, हात झटकले आणि म्हणाला, “दादानं चाळीस जणाला नेलं, ज्योती. त्याला न्यायला कोण आलं?”

ज्योती एवढंच म्हणाली, “बरं. पण आधी लस घ्या.”

लस घ्या म्हणणं सोपं. पंचेचाळिसाच्या खालच्यांना ऑनलाइन नंबर लावल्याशिवाय दारात उभं करत नव्हते. नऊ दिवस झाले, ज्योती रोज चारला टाकीवर चढत होती. यादीत हिरवं दिसलं म्हणून बोट लावावं तोवर लाल. दहा जागा, आणि त्या दहा जागांवर अख्खा महाराष्ट्र टपलेला. पुण्याची माणसं कारनं येऊन खेड्यात टोचून जातात, असंही ऐकू येत होतं. ज्योती त्यांना टाकीवरूनच शिव्या घालायची.

आज तिच्याकडं नवी युक्ती होती. जिल्ह्याची यादी उघडायचीच नाही, थेट पिनकोड टाकायचा, म्हणजे आपलंच गाव समोर. पण पिन कोणाला पाठ असतो? तिच्या आधारवर अजून माहेरचाच पत्ता, आणि प्रेमानंदचं आधार जीपमध्ये. मग तिनं फोनलाच विचारलं, पुसेगावचा पिनकोड काय. फोननं पटकन सांगितलं. तिनं तो तळहातावर पेनानं लिहून घेतला.

चार वाजले. मोबाइलचा नंबर टाकला. आता ओटीपी येणार, तोही प्रेमानंदच्या फोनवर. आणि प्रेमानंद रस्त्यात.

“हॅलो, नंबर आला का? सहा आकडे हायेत.”

“गाडीत पेशंट हाय, ज्योती.” त्याच्या मागं कोणीतरी खोकत होतं. थांबतच नव्हतं.

“कडंला घ्या गाडी! तीन मिनिटांत बाद होतो तो!”

ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग नुसता खोकला. ज्योतीला वाटलं, आपण त्या खोकणाऱ्याच्या वाट्याचा वेळ खाऊन राहिलो. वाटलं खरं, पण तिनं फोन ठेवला नाही.

“आठ, शून्य, तीन... चष्मा न्हाई गं... तीन, सात, एक.”

आकडे टाकले. तळहातावरचा पिन टाकला. आणि अहो आश्चर्यम्, पुसेगाव समोर, हिरवंगार, चार जागा! मग समोर माणूसच आहे ना, हे तपासायची ती वाकडीतिकडी अक्षरं आली. मोठा एस की बारका एस? तिनं मोठा टाकला. चूक. पुन्हा नवी अक्षरं. तीन जागा. बोट घामानं घसरत होतं, ते तिनं पदराला पुसलं. बरोबर! नंबर लागला. उद्या दुपारी तीन ते पाच, प्रेमानंद, पुसेगाव. ती पायरीवर मटकन बसली आणि मोठ्यानं रडली. खाली हापशावरच्या बायांना वाटलं, आणखी एक मयत झाली.

दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला दोघं पुसेगावच्या दवाखान्यात हजर. लस टोचायला अनुसयाबाई सिस्टर होत्या, वीस वर्षं इथंच काढलेल्या. त्यांनी यादी पाहिली, फोनवरची पावती पाहिली, परत यादी पाहिली.

“ज्योती, ही पावती आपली न्हाई. खाली जिल्हा वाच.”

ज्योतीनं वाचलं. सातारा.

घ्या! पुसेगाव काय एकच आहे महाराष्ट्रात? साताऱ्याकडंही एक आहे, आणि ते मोठं, म्हणून फोननं त्याचा पिन आधी दाखवला. नऊ दिवसांची तपश्चर्या केली ती पाचशे किलोमीटर लांबच्या लसीसाठी. ज्योतीनं तळहाताकडं पाहिलं. पेनाचे आकडे पुसट झाले होते, तरी वाचता येत होते. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“जाऊ दे,” प्रेमानंद म्हणाला. “पुन्हा लावू.”

“काय पुन्हा लावू? रोज बिमारी मांडीला लावून बसता तुमी!”

अनुसयाबाईंनी तिला बाकावर बसवलं आणि बाहेर नजर टाकली. यादीतले नऊ जण येऊन गेले होते, दहावा आला नव्हता. त्याला त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

“आवो मॅडम, मी पुसेगावातच हुबा हाय!” पलीकडचा वैतागलेला. “तासभर झाला. हितं माझं नावच नाही म्हणत्यात!”

बाकावरची माणसं खो-खो हसली. ज्योती हसली नाही. ती ताडकन उठली. “म्हंजे त्याचा डोस हितंच पडून हाय?”

डोस होता. पण जागा त्याच्या नावावर होती. सिस्टरनी मोठ्या डॉक्टरांना फोन केला, आणि बऱ्याच व्हय-न्हाईनंतर निकाल आला: पाच वाजेपर्यंत जागा त्याचीच, त्याआधी हात लावायचा नाही. पाचनंतर वाया जाण्यापेक्षा टोचा, कागदाचं मी बघतो. मात्र शिशी फोडली होती सव्वा एकला, आणि फोडलेली शिशी चार तासांत बाद. म्हणजे सव्वा पाचला फेकायची.

“पंधरा मिनिटं हायेत बघ तुमच्या हातात,” अनुसयाबाई म्हणाल्या.

साडेचारला प्रेमानंदचा फोन वाजला. शेतातल्या आखाड्यावरून म्हातारा तातेराव बोलत होता. त्याच्या बायकोचा, सखुबाईचा, ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला होता.

“न्हाई,” ज्योती म्हणाली. “पाऊण तास. फक्त पाऊण तास थांबा. मी तुमच्या पाया पडते.”

“पाऊण तासात ती म्हातारी जाईल.” तो उठलाच होता. “हिंगोलीचा रस्ता हितूनच हाय. पाचच्या मागंपुढं फाटकासमोर येतो. सिस्टरला तयार ठेव.”

जीप गेली. ज्योती फाटकात उभी राहिली. पाच वाजले. सिस्टरनी आत रजिस्टरमध्ये त्या साताऱ्याच्या माणसापुढं ‘गैरहजर’ लिहिलं. पाच वाजून चार. एक ट्रॅक्टर गेला. पाच वाजून सात. फोन लावला तर उचलेना. पाच वाजून नऊ. आता ज्योतीला लसीचं काही वाटेना, तो रस्त्यात कुठं धाप लागून पडला तर नसेल, एवढंच वाटत राहिलं.

बारा मिनिटं झाली आणि धूळ दिसली.

“आली! सिस्टर, आली!”

अनुसयाबाई सुई भरून पळतच बाहेर आल्या. वीस वर्षांत त्यांना पळताना कोणी पाहिलं नव्हतं. जीप फाटकात थांबली, इंजिन चालूच. मागच्या सीटवर तातेरावनं बायकोला धरलं होतं. तिचा जीव कंठाशी आलेला.

“अरे चल ना, प्रेमानंद!” तातेराव ओरडला. “काहून थांबला?”

“एक मिनिट, काका.” प्रेमानंदनं बाही वर सारली. “टोचा, सिस्टर.”

“डावा लागतो.”

“आज उजवाच घ्या.”

सुई गेली. कापसाचा बोळा दाबत सिस्टर म्हणाल्या, “अर्धा तास बसायला लागतं रे. चक्कर येते, कोणाला काय होतं. कोणीतरी नजर ठेवायला पाहिजे.”

“बसूनच तर चाललो.”

ज्योती तोवर पलीकडच्या दाराची दोरी सोडत होती. “मी येते. मी बघते तुमच्याकडं.”

“दोरीवरचा हात काढ, ज्योती.” त्याचा आवाज एकदम चढला. “पेशंट हाय गाडीत. तुला कुठं टोचलंय?”

ज्योतीचा हात दोरीवरच राहिला. नऊ दिवस ती टाकी चढली, उतरली, पुण्यावाल्यांना शिव्या घातल्या. आपलं नाव एकदाही टाकलं नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. चौतीस वर्षांची होती ती.

“मग अर्धा तास कोण बघंल यांच्याकडं?” तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

मागच्या सीटवर सखुबाईनं मान उचलली. दोन शब्द बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

“मी... बघते.”

प्रेमानंदनं गिअर टाकला. जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली, आणि मागच्या काचेतून सखुबाई खरंच ड्रायव्हरकडं टक लावून बसलेली ज्योतीला लांबपर्यंत दिसत राहिली.