शेवटचा कंस

कराराच्या बोलण्यांत जे ठरलेलं नसतं ते मसुद्यात कंसात लिहितात. ठरलं की कंस काढायचे. अणुवीज केंद्राच्या मसुद्यात पहिल्या दिवशी दोनशे अकरा कंस होते आणि ते काढायचं काम टायपिस्टबाईंकडे होतं. साहेबलोक त्यांना ‘कंसबाई’ म्हणायचे. बाई हसायच्या. बावीस वर्षं नोकरी केल्यावर माणूस कशालाही हसतो.

केंद्र बांधून देणारे परदेशी पाहुणे टेबलाच्या पलीकडे, आपले साहेब अलीकडे. त्या सगळ्या कंसांतला एकच बाईंच्या जिवाला लागला होता. केंद्राभोवती किती अंतरात वस्ती नको? पाहुणे म्हणत तीन किलोमीटर, आपले म्हणत दोन. आणि बाईंच्या थोरल्या भावाचं घर होतं बरोबर अडीचवर. दादा रोज फोन करायचा. माडीवर खोली काढलीय, पत्रे आणून ठेवलेत, लावू की थांबू? बोलण्यांतलं अवाक्षर बाहेर काढणार नाही, असं बाईंनी लिहून दिलेलं. त्या म्हणायच्या, थांब थोडा. मागून वहिनी म्हणायची, हिला काही माहीत असतं तर आपल्यापासून लपवलं असतं का.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळेला ते अंतर निकालात निघालं. पुढेमागे वाद झाला तर खटला कुठल्या देशात चालवायचा, यावर पाहुणे अडून बसले होते. मोठे साहेब बिस्किट बुडवत म्हणाले, “खटला आमच्याकडे चालू द्या, तीन किलोमीटर तुमचे.” पाहुण्यांनी मान हलवली. दोन मिनिटंही लागली नाहीत. साहेबांचं बिस्किट मोडून कपात पडलं, त्याची हळहळ मात्र बराच वेळ चालली.

बाईंनी त्या ओळीला हातच लावला नाही. दोनही कंसात, तीनही कंसात, तसंच राहू दिलं. एक कंस जरी उरला तरी सह्या होत नाहीत, ते कलम पुन्हा चर्चेला घ्यावं लागतं, असा नियम होता. नोकरीत पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम चूक केली. पुन्हा बोलणं निघालं तर मधल्या घरांची कुणाला तरी आठवण होईल, एवढीच आशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सह्यांच्या टेबलावर कागद मांडताना पाहुण्यांची टायपिस्ट जवळ आली. चार दिवस दोघींनी एकच प्रिंटर वापरला होता. मोडक्यातोडक्या भाषेत ती हळूच म्हणाली, “तुमचा एक कंस राहिला होता. मी काढला, तीन केलं. तुमच्या साहेबांना सांगितलं नाही. माझ्या हातूनही होतं असं.”

तिने बाईंच्या हातावर थोपटलं. तिला काय बोलणार? बाईंनी तिचे आभार मानले. सह्या झाल्या, टाळ्या वाजल्या. बाईंनीही वाजवल्या.

दुपारी दादाचा फोन आला. करार जाहीर व्हायला अजून आठवडा होता.

“तू रागावू नकोस हं,” दादा म्हणाला. “थांबवेना. आज सकाळीच पत्रे लावून टाकले. अगं, ती खोली तुझ्याचसाठी काढलीय. रिटायर झालीस की कुठे एकटी राहणार? आवडेल ना तुला?”



“आवडेल दादा,” त्या म्हणाल्या.