कडेकर मामाची तबकडी

टक्.

मी सुई उचलून पुन्हा ठेवली. मामीचा आवाज सुरू झाला, सूर वर चढला आणि परत… टक्!

मेले! ओरखडा पाडला मी.

ही तबकडी जगात एकच. मामी रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात गायची. त्यातलं एक गाणं केंद्रानं तबकडीवर उतरवून तिला भेट दिलं होतं. मामी जाऊन सहा वर्षं झाली. मामा ती एकटाच ऐकतो, हेडफोन लावून. मी शाळेसाठी त्याच्याकडे राहते, पण ती तबकडी आज पहिल्यांदाच लावली. न विचारता! वर शहाणपणा असा, की मैत्रिणींना दाखवायला काढलेल्या पाच तबकड्या मी पाकिटांशिवाय सोफ्यावर एकावर एक रचल्या होत्या. मामीची बरोब्बर मधोमध.

आणि हे कुणाच्या घरात? तर कडेकर मामाच्या! ते काही त्याचं आडनाव नाही. तीस वर्षं रेडिओ केंद्रातली तबकड्यांची खोली सांभाळली, त्यामुळे तो हरेक वस्तू कडेनंच धरतो. ताटली, फोटो, माझं प्रगतिपुस्तक. आई म्हणते, "तू जन्मलीस तेव्हा तुलाही कडेनंच धरायला बघत होता!"

दार वाजलं. मामा पिशवी घेऊन आत आला आणि सोफ्याकडे बघत उभाच राहिला.

"मामा, मी…" गेल्याच आठवड्यात वक्तृत्वात पहिली आलेली मी चक्क अडखळले. "मी मामीच्या तबकडीवर ओरखडा पाडला रे. टक् वाजतंय."

मामानं पिशवी खाली ठेवली. हात धुऊन कोरडे केले. दोन्ही तळव्यांत कडा धरून तबकडी दिव्याखाली तिरकी केली. मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं, गोल गोल, धूळ काढली. मग सुई ठेवली.

सूर चढला. टक्.

मी डोळे गच्च मिटले.

"डोळे उघड आणि मोज," मामा म्हणाला. "ओरखडा असता तर प्रत्येक फेरीला वाजला असता. वाजतोय का?"

मी लेबलावर नजर लावली. एक फेरी, दोन, तीन… काहीच नाही. सूर चढला. टक्.

"नाही! फक्त सूर चढला की वाजतंय!"

"अगं, आमच्या बाईसाहेबांची अंगठी ती. वरच्या सुराला टेबलावर आपटायची. केंद्रातले सगळे सांगून थकले, अंगठी काढून ठेवा म्हणून. ऐकेल तर शपथ!"

मी एवढ्या जोरात हुश्श केलं की मामा ओरडला, "हळू! धूळ उडेल."

मग त्यानं तबकडी उलटली. मागच्या बाजूला केसाएवढी रेघ चमकली.

"ही मात्र तुझी हं. नशीब, या बाजूला गाणं नाही. चल, बाकीच्या चार पाकिटांत घाल आणि उभ्या ठेव. आडव्या रचल्या की सगळा भार खालचीवर."

"आणि मामीची?"

"ती लाव परत. तूच."

हेडफोन त्यानं खणात टाकला. मी तळव्यांत कडा धरल्या. श्वाससुद्धा कडेकडेनं घेतला. मामा खुर्चीत टेकला. त्याच्या करंगळीत एक बारीकशी अंगठी असते, मी रोजच बघते.

सूर चढला. मामानं करंगळी उचलली.

खुर्चीच्या हातावर आणि तबकडीत, दोन टक् एकदम वाजले.