हात जोडून दिलेली शिवी

वर्षा जाधवला शिव्या लागत नसत. पूर्वी लागायच्या. पहिल्या वर्षी उमरखेडच्या एका सामन्यात प्रेक्षकांतून कुणीतरी तिच्या चालण्यावरून बोललं, तेव्हा घरी येऊन ती जेवली नव्हती. मग पंचांच्या शिबिरात प्रशिक्षकाने सांगितलं, की शिवी शिट्टीला असते, तुम्हाला नसते. खेळाडूचं तोंड सुटलं तर पहिल्याच वेळी खेळ थांबवा, कर्णधाराला बोलवून समज द्या, आणि शिवी थेट पंचालाच असेल तर सरळ लाल कार्ड काढा. गिळलेली शिवी वितेच, तिला पिल्लं होतातच, असं तो म्हणायचा. वर्षाने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मनावर घेतलं. इतकं, की पुढे पुढे शिवी काय नि शाबासकी काय, दोन्ही तिच्या कानावरून सारख्याच निघून जाऊ लागल्या.

रग्बी यवतमाळ जिल्ह्यात शालेय स्पर्धांबरोबर आली. पोरांना कबड्डी येतच होती. बाजूला सात-सात जण उभे केले, हातात लांबट चेंडू दिला, हा पुढे फेकायचा नाही, मागच्याला द्यायचा, एवढं सांगितलं की पोरं सुटली. पंच मात्र मिळेनात. बाभुळगावच्या शाळेत खेळ शिकवणारी वर्षा शिबिराला जाऊन आली, आणि तेव्हापासून रग्बीची शिट्टी म्हटलं की जाधव मॅडम, असं ठरून गेलं.

आता हे जाधव आडनाव मोठं सोयीचं. जाधव मराठ्यांत आहेत, आणखी चार जातींत आहेत आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरही आहेत. वर्षा तांड्यावरची. बोरी अरबच्या पलीकडे तिचं घर, घरात गोरबोली आणि शाळेत मराठी. पुढे वसतिगृहात खोलीतल्या मुलींनी तिला आपल्यातलीच धरलं आणि तिने त्यांची समजूत मोडली नाही. खोटं बोलली असती तर निदान लक्षात तरी राहिलं असतं. ती नुसती गप्प राहिली, आणि गप्प राहण्याची सवय लागली की ती सवय आहे हेही माणूस विसरतो. आईवडील गेल्यावर तांड्यावर जाणं सुटलं. नोकरीच्या गावात कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचं तरी काय, ढोल वाजवून?

त्या दिवशी जिल्ह्याची अंतिम लढत होती. एका बाजूला यवतमाळची एक शाळा, दुसऱ्या बाजूला आश्रमशाळेचे खेळाचे शिक्षक प्रेमसिंग सर आणि त्यांची पोरं, सगळे तांड्यांवरचे. जो जिंकेल तो अमरावतीला विभागीय स्पर्धेला जाणार. आश्रमशाळेचा कर्णधार इंद्रजीत याचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. पोरगं असं पळायचं की त्याला धरायला गेलेल्याच्या हातात नुसती जर्सीची किनार यायची.

स्पर्धेचे कर्तेधर्ते सदाशिवराव. सोयाबीन चांगलं पिकवणारे, पोरांना पदरचे पोहे खाऊ घालणारे. माणूस वाईट नव्हता, आणि वाईट नसलेली माणसं बोलतात तेव्हा त्यांना अडवणं फार जड जातं. सामन्याआधी त्यांनी माइक हातात घेतला.

"मैदानात सर्व्यायनं मराठीतच बोलाचं. काही पोरं आपल्या बोलीत काय खुसुरफुसुर करून राह्यले, समोरच्याले काहीच समजत नाही. हे चालणार नाही."

वर्षा शेजारी उभी होती. तिने शिट्टी तोंडात धरली आणि तशीच धरून ठेवली.

पहिल्या डावात इंद्रजीतने चेंडू रेषेपलीकडे टेकवला, म्हणजे ट्राय झाला. आश्रमशाळेची पोरं नाचली. पण त्याच्याकडे आलेला पास पुढे दिलेला होता, वर्षाने ते पाहिलं होतं. तिने ट्राय रद्द केला. इंद्रजीत तिच्या जवळून मागे फिरला आणि जाता जाता गोरबोलीत एक शिवी देऊन गेला. ती इथे लिहिण्यासारखी नाही. तिच्यात वर्षाची आई होती, एवढं पुरे.

गोरबोलीत आईला याडी म्हणतात. वर्षाने तो शब्द समोरच्याच्या तोंडून कित्येक वर्षांनी ऐकला, आणि ऐकला तो असा. राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. थंडीत बधिर झालेल्या बोटाला कुणी चिमटा काढावा, तसं काहीसं झालं. कुणीतरी काहीतरी केलं, एवढंच कळलं.

झेंडा घेऊन रेषेवर उभा असलेला रजत धावत आला. तोही खेळाचाच शिक्षक, वर्षाच्या हाताखाली पंचगिरी शिकत होता. "मॅडम, काहीतरी बोलला तो. शिवी होती काय?"

इथे खेळ थांबवायचा होता. पण शिवी समजली म्हणायचं, तर बोली समजते म्हणावं लागणार होतं.

"मला नाही कळलं," वर्षा म्हणाली. "खेळू दे."

इंद्रजीतने हे ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली तिच्यात थोडी गंमतही होती. मॅडमला काही कळत नाही, ही बातमी मिनिटाभरात साऱ्या संघात पसरली.

दुसऱ्या डावात आश्रमशाळा पुढे होती. संपायला थोडाच वेळ उरला असताना इंद्रजीतने एकाला मानेजवळ धरून पाडलं. वर्षाने शिट्टी मारली, त्याला बोलावलं आणि मराठीत समज दिली. पोरगा समोर आला. त्याने मान लववली, दोन्ही हात जोडले आणि देवळात बोलावं अशा मऊ आवाजात तीच शिवी दिली. या वेळी सावकाश, तिच्यात आणखी दोन शब्द घालून. मागे त्याची पोरं ओठ दाबून हसत होती.

"पाहा, माफी मागून राह्यलं पोरगं," रजत म्हणाला. मांडवातून सदाशिवरावांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं पाहून आणखी लोकांनी वाजवल्या.

त्या टाळ्यांत वर्षा उभी होती. अख्ख्या मैदानावर ती शिवी आहे हे त्या पोरांना ठाऊक होतं आणि तिला. एक गिळली, तिला ही झाली होती. हिलाही गिळलं, तर पुढची तो अमरावतीला दुसऱ्या कुणा पंचाला देईल, असा हिशोब तिच्या मनात कोरडाच आला. लाल कार्ड दाखवण्याआधी नाव विचारायची तिची पद्धत होती. तिने नाव विचारलं.

"तारो नाम काई छ?"

विचारायचं मराठीत होतं. तोंडातून निघालं ते हे.

इंद्रजीतचे जोडलेले हात तसेच राहिले. मागचं हसू बंद पडलं. पोराचे ओठ हलले, आणि त्याच शब्दाने त्याने तिला हाक मारली, पण आता शिवीतला नव्हता तो. "याडी..."

तिने लाल कार्ड वर धरलं.

गलका झाला. हात जोडून माफी मागणाऱ्या पोरालाच बाहेर काढलं, असंच लोकांना वाटलं. इंद्रजीत मात्र सरळ बाहेर गेला. सहा जणांत खेळून आश्रमशाळेची दमछाक झाली. यवतमाळच्या पोरांनी शेवटी दोन ट्राय केले आणि सामना नेला.

सदाशिवराव मांडवात वाट पाहत होते. "मॅडम, काहून काढला त्याले? हात जोडून राह्यला होता बिचारा!"

"शिवी होती ती. दोनदा दिली. पहिल्या वेळी मी सोडली, ते माझं चुकलं."

एवढ्यात प्रेमसिंग सर इंद्रजीतला दंडाला धरून घेऊन आले. सर काही विचारत नव्हते, म्हणजे त्यांनी पोराकडून सगळं काढून घेतलं होतं. पोराची मान खाली होती. पण त्याने एकदा वर पाहिलं, आणि त्या पाहण्यात भीतीबरोबर आणखी काहीतरी होतं. घरच्या माणसाकडून मार खाल्लेलं पोर त्याच माणसाकडे पाहतं, तसं ते होतं.

"पण तुम्हाले समजली कशी?" सदाशिवराव म्हणाले. "त्यायची बोली येते तुम्हाले? कुठं शिकल्या?"

प्रेमसिंग सरांनी मान वर केली. इंद्रजीत तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"शेजारी होते आमच्या गावाकडे," वर्षा म्हणाली. "ऐकून ऐकून येते थोडी."

"लय कामाच्या निघाल्या तुम्ही!" सदाशिवराव खूश झाले. "पुढच्या वर्षी त्यायच्या सर्व्या मॅचा तुम्हालेच देतो. काय बोलतात ते समजन तरी."

प्रेमसिंग सरांनी पोराचा दंड सोडला. ते वर्षाकडे क्षणभर पाहत राहिले आणि मग बाहेर मैदानाकडे पाहू लागले. इंद्रजीत एक पाऊल पुढे आला. त्याने मनाशी जुळवून आणलेलं बहुधा गोरबोलीत होतं, पण आता तो ताठ उभा राहिला आणि शाळेत पाठ करून घेतात तशा स्वच्छ मराठीत बोलला.

"मॅडम, माझं चुकलं. मला माफ करा."

त्यात खोट काढायला जागा नव्हती. दोन्ही शिव्या तिला लागल्या नव्हत्या, हे 'मॅडम' लागलं, आणि इतक्या आत लागलं की आत अजून काहीतरी जिवंत आहे याचंच तिला नवल वाटलं. त्याला उत्तर द्यायचे शब्द तिच्याकडे होते, याडीनेच शिकवलेले. ते तिच्या जिभेपर्यंत आले.

"ठीक आहे," ती मराठीत म्हणाली. "जा आता."