कडुनिंबाखालचं बटण

त्या शनिवारी चाळीसगावबाहेरच्या मोसंबीच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती. पारोळ्याच्या बायका होत्या, शिंदखेड्याचं अख्खं भजनी मंडळ टाळांसकट होतं, आणि फाटकाशी नारळ-अगरबत्तीचं दुकानही लागलं होतं. हे सगळे कोणाच्या दर्शनाला आले होते? तर कोळशावर चालणाऱ्या, जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीच्या एका इंजिनाच्या.

एरवी आमच्या मेळाव्याला कुत्रंही फिरकत नाही. आम्ही म्हणजे जळगाव-धुळ्याकडचे मूठभर छांदिष्ट. खऱ्या वाफेची छोटी इंजिनं स्वतःच्या हातांनी बनवायची, महिन्यातून एकदा शनिवार-रविवारी इथे जमायचं, आणि बागेभोवतीच्या वीतभर रुंदीच्या रुळांवर ती पळवायची. मागच्या ट्रॉलीवर बसायचंही आपणच. घरचे आम्हाला वेडे म्हणतात आणि त्यात फारसं चुकत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, तरी कोळशाचा धूर नाकात गेल्याशिवाय माझा महिना सरत नाही.

बाग आमच्यातल्याच नवीन नावाच्या पोराची. रूळही त्यानंच घातलेले. दिवाळीच्या तोंडावर मोटरसायकलवरून घरी येताना त्याला ट्रकनं उडवलं. तिशीही गाठली नव्हती पोरानं. मागे राहिली ती एकटी आई, कुंदाबाई, आम्हा सगळ्यांची अक्का. मेळाव्याच्या दिवशी ती रुळापासून लांब, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायची. साखरेच्या आजारानं तिच्या हातापायांची बोटं बधिर झाली होती, फार चालवत नसे. नवीनचं इंजिन समोरून गेलं की ती हात हलवायची आणि तो शिट्टी वाजवायचा.

तो गेल्यावरच्या पहिल्याच मेळाव्यात ते इंजिन आपणहून बोललं. नवीनचा चुलतभाऊ अभिमन यानं ते पेटवलं होतं. इंजिनानं वाफ धरली, त्याच्याजवळ कोणी नव्हतं, आणि शिट्टी वाजली. अक्कानं हंबरडा फोडला. पुढच्या मेळाव्याला अभिमनबरोबर धूम्रनाथ महाराज हजर!

"वाफ म्हणजे काय?" महाराज भगवी शाल सावरत विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "जल अधिक अग्नी अधिक वायू! पृथ्वीतला कोळसा आलाच! राहिलं आकाश, ते धुरांड्यातून दिसतंय! पंचमहाभूतं एका डब्यात! आता आत्म्यानं यायचं तर यापेक्षा सोयीची जागा कोणती?"

एक शिट्टी म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, हा आत्म्याचा कायदा. त्याशिवाय इंजिनाच्या वाफेचं पाणी बाटल्यांत भरून 'धूम्रतीर्थ' म्हणून वाटलं जाई. त्या पाण्यावर इंजिनाच्या तेलाचा तवंग असे. भक्त त्याला तेज म्हणत आणि डोळे मिटून पीत.

लोक तेल पितात एवढंच असतं तर मी एकवेळ हसून सोडलं असतं. पण अक्कानं इन्सुलिन बंद केलं. तिच्या पायाला जखम होती, ती काळी पडत चालली होती.

"त्यानी माले सांगेल शे, गुरुजी," ती मला म्हणाली. "मी इचारं, सुई लेऊ का? दोन डाव शिट्टी वाजनी. आते पोऱ्यानं ऐकू का डॉक्टरनं ऐकू?"

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही एवढे इंजिनवाले, तिथेच होतात, मग कोणी वाकून इंजिनाखाली का पाहिलं नाही? बरोबर आहे. त्याचं कारण आमचा एक नियम: ज्याचं इंजिन, त्याचाच हात. तापलेल्या बॉयलरची एखादी चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, दुसऱ्यानं फिरवली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून दुसऱ्याच्या इंजिनाला आम्ही विचारल्याशिवाय बोटही लावत नाही. मालक मेल्यावर हा नियम सोवळ्यासारखा झाला. नवीनचं इंजिन आम्हाला त्याच्या देहासारखं वाटू लागलं. बाबाला हसणारे आम्ही, पण त्याचं दुकान आमच्याच नियमाच्या आडोशानं चाललं होतं.

त्यात शिट्टी दिसतही नाही. छोटी शिट्टी कुकरसारखी किंचाळते. मोठ्या इंजिनासारखा भरदार आवाज हवा तर लांब नळी लागते आणि ती आम्ही इंजिनाच्या पोटाखाली लपवतो.

त्या शनिवारी, मधले काही मेळावे चुकल्यावर, धुळ्याहून सदफ आली. ती डॉक्टर आहे, आणि तिनं बनवलेलं इंजिन आमच्यात सगळ्यात देखणं आहे. अक्काचा पाय बघून तिनं मला बाजूला घेतलं. "सर, आज ही दवाखान्यात आली नाही तर पाय तर जाईलच, जीवही जाईल. पण ती माझ्या शब्दावर उठणार नाही."

मग ती सरळ गर्दीत शिरली. "महाराज, मुलगा आईचं ऐकतो ना?"

"कन्ये, शब्दन् शब्द!"

"मग आज आईनंच त्याच्या कानाशी जाऊन हळूच विचारू दे. तुम्ही-आम्ही कशाला मध्ये?"

"हां, बरोबर शे!" बायका म्हणाल्या. महाराजांना नाही म्हणता येईना. त्यांनी अभिमनकडे पाहिलं. अभिमन घोंगडीत हात घालून उभा होता.

आम्ही अक्काला धरून रुळापाशी नेलं. ती धुरांड्याशी वाकली आणि पदराआडून काहीतरी पुटपुटली. मी तिचा दंड धरला होता, तरी मलाही ते ऐकू आलं नाही.

शिट्टी वाजली. थांबून पुन्हा वाजली. दोनदा.

"पाहिलंत!" महाराज गरजले. "नको म्हणाला! सुई नको, स्पष्ट नको म्हणाला!"

अक्का त्यांच्याकडे वळली. "मी सुईनं इचारंच नही," ती म्हणाली. "मी इचारं, तू मना पोऱ्याच शे ना रे?"

टाळ थांबले. 

सदफनं हातमोजा चढवला. "आज मी नियम मोडतेय," असं आमच्याकडे बघून म्हणाली आणि इंजिनाच्या पोटाखाली हात घातला. शिट्टीच्या नळीपाशी काडेपेटीएवढी मोटर होती, रिमोटच्या खेळण्यात असते तशी. तिचा दांडा शिट्टीची चावी ओढत होता. सदफनं ते सगळ्यांना वाकून बघायला लावलं. मग ती अभिमनसमोर जाऊन उभी राहिली. "हात बाहेर काढ, भाऊ."

त्याच्या हातात साबणाची डबी होती. तिच्यावर दारावरच्या घंटीचं एक मोठं पांढरं बटण बसवलेलं होतं.

"माले नवीनना खोलीमा सापडनं," अभिमन रडत म्हणाला. "मी नुसतं दाबी दखं. अक्का इतली खूश व्हयनी, मंग माले सांगताच उनं नही. मंग महाराज बोलनात, आते हाई आपलं काम शे."

लोक महाराजांकडे वळले. महाराज लघुशंकेला गेले होते. ते अजून आलेले नाहीत.

बाबा पळाला की गोष्ट संपते, निदान अशा गोष्टी संपतात. ही संपली नाही. अक्का जमिनीवर बसली होती. तिनं सदफकडे पाहिलं. "मना पोऱ्या आज परत मरी गया, पोरी."

 सदफ तिच्याशेजारी मातीत बसली आणि हमसून रडायला लागली. आम्ही खरं तेच दाखवलं होतं, आणि मला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मी ती डबी हातात घेऊन नुसता बघत होतो. जोडणी नवीनची होती, त्याचं तारांना डाग देणं, सोल्डरिंग, मी हजारांत ओळखीन. पण शिट्टी वाजवायला रिमोट कशाला? तो तर स्वतः इंजिनावर बसायचा. आणि बटण एवढं मोठं का?

मग मला दसऱ्याचा मेळावा आठवला. नवीन रुळापासून कडुनिंबापर्यंत पावलं टाकत होता. मी विचारलं, काय मोजतोस? तो हसला. "इथून रिमोट पोचेल ना, सर? दिवाळीला दाखवतो."

मी अक्कासमोर बसलो. तिचा हात धरला, तो बधिर अंगठा बटणावर ठेवला. "अक्का, तुला ब्लाउजचे हुकसुद्धा लावता येत नाहीत, म्हणून बटण मोठं आहे. तू कडुनिंबाखालून उठू शकत नाहीस, म्हणून रिमोट आहे. तू हात हलवायचीस ना? दिवाळीपासून शिट्टी तू द्यायची, असं त्याच्या मनात होतं."

तिनं डबी डोळ्यांजवळ नेली. "म्हणजे हाई त्यानी मनाकरता करेल व्हतं?"

"हो."

तिनं बटण दाबलं. तोवर आग विझत आली होती. शिट्टी वाजली, हळूहळू बारीक होत गेली आणि शेवटी नुसती हवा राहिली. तिनं अंगठा तरी काढला नाही.

दुपारी सदफ तिला धुळ्याला घेऊन गेली. जीव वाचला. गुडघ्याखालचा पाय वाचला नाही. अक्का आणखी लवकर आली असती तर एखाद्या बोटावर भागलं असतं, असं सदफ म्हणाली. ते एकदाच म्हणाली, पण मी विसरलेलो नाही.

आम्ही नियम बदलला आहे. शंका आली की इंजिन कोणाचंही असो, वाकून खाली बघायचं. तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं आहे. गेलेलं माणूस बोलत नाही. बोलतं असं कोणी म्हणालं, तर हात जोडण्याआधी वाका आणि बघा. खाली कधी नुसती लबाडी सापडेल, कधी आपल्याच माणसाची माया सापडेल, चोराच्या हातात पडलेली.

अक्का आता चाकाच्या खुर्चीवर कडुनिंबाखाली बसते. नवीनचं इंजिन अभिमन चालवतो आणि शिट्टी ती वाजवते. मागच्या मेळाव्याला पारोळ्याकडची एक बाई आली होती. पायाला फडकं गुंडाळलेलं, हातात नारळ. तिचाही मुलगा गेलेला. तिनं विचारलं, "अक्का, मना पोऱ्या बोली का वं ह्यामा?"

अक्कानं तिला डबी दाखवली, बटण दाखवलं.

"नही, माय. कोणी बोलत नही. शिट्टी मी वाजाडस," ती म्हणाली. मग गुडघ्याखालच्या रिकाम्या लुगड्यावरून हात फिरवला. "तू सुई ले."