सयाजीची साक्ष

मिरजेच्या दवाखान्यात तापानं फणफणलेला असताना सयाजीला प्रभू दिसला होता. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, सगळी खोली धुक्यासारखी पांढरी झाली होती. त्या पांढरेपणातून कुणीतरी जवळ आलं, कपाळावर ओला हात ठेवला आणि म्हणालं, "भिऊ नगंस. मी हाय." ताप उतरला. पुढच्याच वर्षी, ब्याण्णव साली, सयाजीनं बाप्तिस्मा घेतला.

तेव्हापासून तो गावोगावच्या सभांत प्रभू आपल्याला कसा भेटला याची साक्ष द्यायचा. माणसं डोळे मिटून ऐकायची. हळूहळू त्याला वाटायला लागलं, इतरांनी प्रभूबद्दल नुसतं ऐकलंय, आपल्याकडं तो स्वतः चालत आला. चर्चच्या पाळकांचं प्रवचनही त्याला फिकं वाटे. कराडजवळच्या मलकापूरच्या थोरल्या भावाला, नानासोला, तर त्यानं तोंडावर सांगितलं होतं, "तुझ्या देव्हाऱ्यासमोरचं अन्न मला चालत न्हाई."

एकदा कराडच्या सभेत नानासोची बायको बनुबाई मागं येऊन बसली. सभा पांगल्यावर ती जवळ आली.

"भावजी, लय ग्वाड बोलता. पर ते तुमचे दादा हुते."

सयाजीला कळेना.

"त्या दुपारी मी डबा घिऊन आल्ते. ह्यांनी हात भिजवून तुमच्या कपाळावर ठेवला. तुमी म्हणता तेच शब्द बोलले."

"मग दादा मला कवा बोलला न्हाई?"

"म्हणाले, त्याला देव भेटलाय, भेटू दे. मी कशाला मधी येऊ?"

सयाजी मलकापूरच्या वाटेला लागला. दोन्ही अंगाला ऊस सळसळत होता आणि पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. 'म्हणजे तू आलाच नव्हतास?' त्यानं मनात विचारलं. चालता चालता छातीवरचं काहीतरी जड उतरत गेलं, आणि त्याला रडू फुटलं.

नानासो उसाला पाणी पाजत होता. धाकट्याचे डोळे पाहून त्यानं खोरं बांधावर ठेवलं.

"आलास व्हय? हात धू. भाकरी खाऊ."

"दादा, लय माजलो हुतो मी."

"जेव आधी."

पुढच्या रविवारी पाळकांनी साक्षीसाठी बोलावलं, तेव्हा सयाजी पुढं न जाता जागेवरच उभा राहिला. "त्या दुपारी माझा भाऊ आला हुता," तो म्हणाला. "त्याला प्रभूनं धाडलं, एवढं मी मानतो." आणि खाली बसला. कुणीतरी गीत सुरू केलं. आजवर सयाजी पुढं उभा राहून बोलतच आला होता, गीताचे शब्द त्याला नीट येत नव्हते; तो शेजारच्याकडं बघत हळू आवाजात गुणगुणत राहिला.